पॅचची कुळकथा

१८ एप्रिल २००८ च्या रात्री बेंगळुरूत ब्रेंडन मॅकलमने ७३ चेंडूंत नाबाद १५८ धावा झोडल्या आणि आयपीएल नावाचं प्रकरण सुरू झालं. आता पोरांना हेच संघ घेऊन कॉम्प्युटरवर खेळायचं होतं. पण सायबर कॅफेत आणि होस्टेलच्या खोल्यांत जो खेळ होता, तो आयपीएलच्या आधी जन्मलेला. ईए स्पोर्ट्सचा ‘क्रिकेट ०७’ नोव्हेंबर २००६ मध्ये बाजारात आला, तेव्हा आयपीएल तर सोडाच, पहिला टी-ट्वेंटी विश्वचषकही झाला नव्हता.

हा खेळ बनवला एचबी स्टुडिओज या कंपनीने. तिचं ठिकाण लुनेनबर्ग, कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातलं मासेमारीचं जुनं बंदर. क्रिकेट तिथे कोण खेळतं, देव जाणे. खेळ बेतला होता इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या अॅशेस मालिकेवर. त्या दोन संघांचे परवाने रीतसर घेतलेले. भारताचा परवाना नाही, म्हणून आपल्या खेळाडूंची नावं मोडूनतोडून घातलेली. समालोचन मार्क निकोलस आणि रिची बेनॉ यांचं. त्यानंतर ईएने पीसीसाठी क्रिकेटचा नवा खेळ काढलाच नाही. कंपनीच्या लेखी मामला तिथे संपला.

पोरांच्या लेखी मात्र तो तिथून सुरू झाला. ‘पॅच मारला का?’ हा प्रश्न त्या काळात ज्याने विचारला नाही, त्याने क्रिकेट ०७ खेळला नाही असं खुशाल समजावं.

पॅच ही वस्तू कॉम्प्युटरच्या पडद्यापेक्षा जुनी आहे आणि तिच्या कुळाचं एक टोक सोलापुरात सहज सापडतं. जकार्ड चादर विणणाऱ्या मागावर पुठ्ठ्याची भोकं पाडलेली कार्डं एकापुढे एक ओवलेली असतात. भोक असेल तिथे एक धागा उचलला जातो, नसेल तिथे नाही. मोर हवा असेल तर मोराची कार्डं, वेल हवी असेल तर वेलीची, माग तोच. लिऑनच्या जोसेफ मारी जकारने १८०४ च्या सुमारास आणलेली ही युक्ती. पुढे बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी तिचा विचार केला आणि हॉलेरिथने १८९० च्या अमेरिकी जनगणनेत भोकाच्या कार्डांवर माणसं मोजली. १९४४ मध्ये हार्वर्डला बसवलेलं मार्क वन हे अवाढव्य यंत्र कागदी फितीवरच्या भोकांवर चाले. त्यात चुकीचं भोक पडलं की अख्खी फीत नव्याने कोण पाडणार? त्यावर कागदाचा तुकडा चिकटवायचे. तो तुकडा म्हणजे पॅच. अशी ठिगळं लावलेली मार्क वनची फीत अमेरिकेत जपून ठेवलेली आहे.

क्रिकेट ०७ ची ठिगळं लावणाऱ्यांना हा इतिहास माहीत असण्याचं कारण नाही, पण काम त्यांनी नेमकं हेच केलं. माग लुनेनबर्गचा, कार्डं आपली.

आता ही कार्डं घालता आली कशी, हा खरा गमतीचा भाग. ईएच्या त्या काळच्या बऱ्याच खेळांत चित्रं, पोशाख, पडद्यावरच्या पाट्या असा सगळा ऐवज ‘बिग’ नावाच्या गठ्ठ्यात बांधलेला असे आणि त्यातली चित्रं ‘एफएसएच’ या खास प्रकारात असत. हे प्रकार क्रिकेटसाठी बनलेले नव्हते. फिफामध्ये तेच, नीड फॉर स्पीडमध्ये तेच. युरोपातल्या फुटबॉलवेड्यांनी आणि गाड्यांच्या नादी लागलेल्यांनी हे गठ्ठे सोडण्याची हत्यारं आधीच घडवून ठेवली होती. क्रिकेटवाल्यांनी ती उचलली. म्हणजे मुंबई इंडियन्सचा निळा पोशाख क्रिकेट ०७ मध्ये शिरला तो फुटबॉलच्या दारातून. खेळाडूंची नावं, गुण, फलंदाजीचा हात, गोलंदाजीची जात हे सगळं ‘रोस्टर’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये असे, आणि तीही बदलता येत होती.

कंपनीने ही दारं चाहत्यांसाठी मुद्दाम उघडी ठेवलेली नव्हती. फक्त कडेकोट बंद केली नव्हती, आणि तेवढ्यावर एवढं सगळं उभं राहिलं. डूमचं उदाहरण वेगळं. १९९३ मध्ये आलेल्या त्या खेळाच्या कर्त्यांनी नकाशे-चित्रं मुद्दाम वेगळ्या फाइलमध्ये ठेवली आणि १९९७ मध्ये मूळ कोडसुद्धा जगाला देऊन टाकला. क्रिकेट ०७ चा मूळ कोड कुणाला मिळाला नाही. जे झालं ते बाहेरून झालं.

पहिली दुरुस्ती अर्थातच नावांची. मग पोशाख, मग बॅटवरचे स्टिकर, मैदानाच्या कडेच्या जाहिराती, टीव्हीवर दिसते तशी धावफलकाची पट्टी, जिला पॅचवाले ‘ओव्हरले’ म्हणतात. हिंदी समालोचनाचेही पॅच निघाले. ए-टू स्टुडिओजसारखे भारतीय गट विश्वचषकाचे, आयपीएलचे पॅच नियमाने काढू लागले. ‘स्टुडिओज’ नावावर जाऊ नका. ही कंपनी नव्हे, कॉलेजच्या वयाच्या पोरांचा हौशी कारखाना. खेळात संघांच्या जागा ठरलेल्या, त्यामुळे नवा संघ बसवायचा तर जुन्या कुणाला तरी उठवावं लागे. परदेशी स्थानिक स्पर्धांतले संघ उठले आणि त्यांच्या जागी चेन्नई, कोलकाता, मोहाली बसले. सगळ्यात मोठी भांडणं झाली ती गुणांवरून. सेहवागला आक्रमकतेचे किती आणि तंत्राचे किती, यावर निवड समितीतसुद्धा एवढी चर्चा झाली नसेल.

मोठ्या शहरात पॅच इंटरनेटवरून उतरे. सोलापुरात तो बऱ्याचदा माणसाबरोबर येई. पुण्यात शिकणारी मुलं शनिवार-रविवारी हुतात्मा एक्स्प्रेसने घरी परतत आणि खिशातल्या पेन ड्राइव्हमध्ये नवं रोस्टर असे. तिथून पॅच कॅफेत, कॅफेतून सीडीवर, सीडीवरून गल्लीतल्या ज्या घरात कॉम्प्युटर असेल तिथे. भारनियमनाचे ते दिवस. इन्व्हर्टर असलेल्या कॅफेला वेगळाच मान होता. अर्ध्या सामन्यात वीज गेली की शतक गेलं, आणि तासाच्या पैशांवरून हुज्जत.

सरळ बोलायचं तर यातल्या बहुतेकांकडचा मूळ खेळही चोरीचाच होता. संघांची बोधचिन्हं वापरायला कुणी कुणाची परवानगी विचारली नव्हती. पॅच करणारेही एकमेकांच्या फाइली उचलत, मग ‘माझं नाव का नाही दिलं’ म्हणून महिनोन्‌महिने अबोला. हा प्रकार पवित्र होता असं सांगण्यात अर्थ नाही. हौशीचा होता आणि चिकाटीचा होता, एवढं खरं.

हा खेळ टिकला तो आयपीएलच्या लिलावामुळे, असं माझं मत आहे. नुसतं खेळ आवडतो म्हणून लोक त्याची दोन वर्षं डागडुजी करतील. इथे दर वर्षी काम नव्याने उभं राहत होतं. खेळाडू या संघातून त्या संघात गेले की आधीचा पॅच एका दिवसात जुना. २०११ मध्ये पुणे वॉरियर्स आणि कोची आले, पुढच्या हंगामाआधीच कोची गेलं. २०१३ मध्ये हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सच्या जागी सनरायझर्स. २०१६ मध्ये चेन्नई-राजस्थान दोन वर्षांसाठी बाहेर आणि पुण्याला पुन्हा संघ. त्या संघाने तर कमालच केली. २०१६ मध्ये नाव ‘रायझिंग पुणे सुपरजायंट्स’, २०१७ मध्ये शेवटचा ‘स’ गाळून ‘सुपरजायंट’. एका अक्षरापायी पाटी पुन्हा रंगवायची! २०२२ मध्ये लखनौ आणि गुजरात. बीसीसीआयने या जुन्या खेळासाठी नकळत केलं तेवढं त्याच्या मालकानेही केलं नाही.

या रोस्टरमध्ये सोलापूरही येऊन बसतं. भारताकडून कसोटीत पहिलं द्विशतक ठोकणारे पॉली उम्रीगर जन्माने सोलापूरचे. पण गंमत पाहायची ती अर्शिन कुलकर्णीची. सोलापूरच्या या मुलाचा जन्म फेब्रुवारी २००५ चा. क्रिकेट ०७ आला तेव्हा तो दोन वर्षांचाही नव्हता. २०२४ मध्ये तो एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक खेळला आणि त्याच वर्षी लखनौकडून आयपीएलमध्ये उतरला. लखनौचा संघ या खेळात भरणाऱ्याला त्याचं नाव टंकावं लागणार, आणि त्याच्या खेळीमागे बेनॉचा आवाज असणार, जे २०१५ मध्येच वारले.

याच जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावच्या किरण नवगिरेला मात्र या खेळात जागा नाही. २०२२ मध्ये तिने नागालँडकडून टी-ट्वेंटीत नाबाद १६२ धावा केल्या, तोवर कुणाही भारतीयाने, पुरुषानेसुद्धा, या प्रकारात दीडशे गाठले नव्हते. पण क्रिकेट ०७ मध्ये महिलांचे संघच नाहीत. पोशाखावर चित्र चढवता येतं. शरीरं, धावण्याची ढब, आवाज हे सगळं खेळाच्या पोटातलं. तसंच नियमांचं. डीआरएस नंतर आला, २०२३ चा इम्पॅक्ट प्लेअर तर फारच नंतर. पॅचने कपडे बदलतात, हाडं नाहीत. ‘क्रिकेट ०७ मध्ये सगळं आहे’ असं छातीठोक सांगणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

चाहत्यांचा हा उद्योग धंदेवाल्यांच्या नजरेतून सुटला नाही. मेलबर्नच्या बिग अँट स्टुडिओजने २०१४ च्या ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४’ मध्ये खेळाडू आणि संघ घडवून एकमेकांना देण्याची सोय खेळातच घातली. परवाना नसलेल्या संघांची नावं लोकांनीच भरून टाकली. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ या खेळाच्या चाहत्यांनी केलेली भर तर २०१३ मध्ये अधिकृत विस्तार म्हणून विकली गेली.

पण एक गोष्ट आता उलटली आहे. क्रिकेट ०७ ला चालण्यासाठी कंपनीचा सर्व्हर लागत नाही, म्हणून तो कंपनीने सोडल्यावरही चालला. युबीसॉफ्टचा ‘द क्रू’ हा गाड्यांचा खेळ २०१४ चा, म्हणजे आपल्या खेळापेक्षा आठ वर्षांनी लहान. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाला आणि पैसे मोजून घेतलेली डिस्क निरुपयोगी ठरली. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि युरोपात तिच्या अर्जावर २०२५ मध्ये दहा लाखांवर सह्या झाल्या. फोनवर आज खेळले जाणारे क्रिकेटचे बरेच खेळ याच जातीचे आहेत. त्यांना ठिगळ लावायला फाइलच हाती येत नाही.

आणि खुद्द पॅचचं काय? मूळ खेळ सापडतो, अगदी ताजे पॅचही सापडतात. २००८ ते २०१२ मधले मात्र झपाट्याने नाहीसे होत आहेत. ते ज्या गोदामांत चढवलेले असत, त्यातलं मेगाअपलोड जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकी सरकारने बंद पाडलं आणि रॅपिडशेअरने ३१ मार्च २०१५ ला कुलूप लावलं. पहिल्या आयपीएलचे पॅच, कोचीच्या एका हंगामाचा पोशाख, गल्लीतल्या कुणी घरी बसून केलेलं रोस्टर, हे आज असलंच तर जुन्या हार्ड डिस्कवर आणि मार्करने नाव लिहिलेल्या सीडीवर. म्हणून दिवाळीच्या साफसफाईत जुना सीपीयू भंगारवाल्याला देण्याआधी तो एकदा चालू करून बघा. क्रिकेट ०७ चा फोल्डर दिसला तर तो जसाच्या तसा उतरवून घ्या, आणि त्यातली ‘रीडमी’ फाइल मुळीच गाळू नका. पॅच कुणी केला, हे बहुतेक वेळा फक्त तिथेच लिहिलेलं असतं.