पुठ्ठ्यातून बीजगणित

बीजगणिताची सुरुवात करताना ‘क्ष’ हे अज्ञात डोळ्यांसमोर आणण्यासाठी शिक्षक पुठ्ठ्याचे तुकडे कापतात. मोठा चौरस क्ष², पट्टी क्ष आणि लहान चौरस १. एक मोठा चौरस, पाच पट्ट्या व सहा लहान चौरस जुळवून आयत केला, की त्याच्या बाजू क्ष+२ आणि क्ष+३ भरतात. अवयव पाडणे असे हाताला कळते. पट्टीची लांबी मात्र लहान चौरसाच्या पूर्ण पटीत नसावी. अन्यथा मुले ती मोजून क्षची किंमत ठरवून टाकतात आणि अज्ञात अज्ञात राहत नाही. दोन अज्ञातांसाठी निरनिराळ्या लांबीच्या, दोन रंगांच्या पट्ट्या घ्याव्यात. रंगांची ही खूण जुनीच आहे. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ (इ.स. ११५०) ग्रंथात पहिले अज्ञात ‘यावत्-तावत्’, तर पुढची कालक, नीलक, पीतक अशी रंगांच्या नावांनी येतात.