बाळापूर : पायी चालून वाचायचा इतिहास

शेगावचे नाव घेतले की संत गजानन महाराजांचे नाव ओघानेच येते. १८७८ च्या फेब्रुवारीत महाराज शेगावात प्रकट झाले, १९१० मध्ये त्यांनी समाधी घेतली आणि आज लाखो भाविक या गावाकडे येतात. आमच्या गावाचा हा लौकिक आम्हा सर्वांनाच अभिमानाचा आहे. परंतु शेगावच्या स्टेशनावरून अकोल्याच्या दिशेने निघालेली गाडी थोड्याच वेळात पारसला थांबते आणि तेथून सुमारे १० किलोमीटरवर बाळापूर आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात असते. पारसला लोक उतरतात ते औष्णिक वीज केंद्रासाठी. बाळापूर पाहण्यासाठी मुद्दाम उतरणारा प्रवासी क्वचितच भेटतो.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. वर्गात मोगलांचा धडा आला की मी मुलांना हमखास विचारतो, मोगल कुठे होते? उत्तर ठरलेले असते : दिल्लीला आणि आग्र्याला. वऱ्हाडात, आपल्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, मोगल इतिहासाचा एक आख्खा अध्याय विटादगडांत उभा आहे हे मुलांना ठाऊक नसते, आणि खरे सांगायचे तर त्यांच्या वडिलांनाही नसते. आपल्या समाजाला इतिहास म्हटला की बगदाद आठवते, कुर्तुबा आठवतो, लाल किल्ला आठवतो. जो इतिहास दूर असतो त्याचा अभिमान बाळगायला काही करावे लागत नाही. जवळच्या इतिहासाकडे मात्र पायी चालत जावे लागते.

बाळापूर हे मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमाजवळचे गाव. गावाचे नाव बाळादेवीवरून पडले. देवीचे मंदिर किल्ल्याच्या दक्षिणेला, अगदी तटाच्या पायथ्याशी आहे. १५९६ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने वऱ्हाड मोगलांना दिला आणि अकबर बादशहाचा मुलगा शहाजादा मुराद या भागात आला. बाळापूरजवळच त्याने शाहपूर वसवले. ‘आईन-ए-अकबरी’त बाळापूर परगण्याची नोंद नरनाळा सरकारात आहे आणि वऱ्हाडातल्या भरपूर उत्पन्नाच्या परगण्यांत त्याची गणना होते. काळी जमीन आणि दोन नद्यांचे पाणी या दोन गोष्टींनी या गावाचे महत्त्व ठरवले. फौजा येथे तळ ठोकत, कारण फौजेला आधी दाणावैरण लागते आणि मग किल्ला.

पायी फिरायला सुरुवात करावी ती गावाच्या दक्षिणेकडून, नदीकाठच्या छत्रीपासून. काळ्या दगडाची ही छत्री मिर्झा राजा जयसिंगाने बांधली. लांबीरुंदी सुमारे २५ फूट, उंची ३३ फूट. चारी बाजूंनी मोकळी, खांबांवर तोललेली आणि वर घुमट. राजस्थानच्या छत्रीची कल्पना वऱ्हाडातल्या नदीकाठी उतरलेली येथे दिसते. जयसिंग १६६५ मध्ये औरंगजेबाचा सेनापती म्हणून दक्षिणेत आला. पुरंदरचा तह त्यानेच केला. १६६७ मध्ये बुऱ्हाणपूर येथे त्याचा मृत्यू झाला. छत्रीच्या सावलीत बसून मुलांनी विचारावे असा प्रश्न साधा आहे : मोगलांचा सेनापती राजपूत आणि शिवाजी महाराजांच्या पदरी काझी हैदर, आरमारात दौलतखान, तर मग ती लढाई कोणत्या दोन धर्मांची होती? उत्तर देण्याची घाई करू नये. छत्री समोर आहे, ती पाहू द्यावी.

छत्रीकडून वर पाहिले की उंचवट्यावर किल्ला दिसतो. तो डोंगरी किल्ला नव्हे, भुईकोट आहे. दोन नद्यांच्या मधली उंच जागा हेरून बांधल्यामुळे पावसाळ्यात एक बाजू सोडली तर त्याला पाण्याचा वेढा पडे, म्हणजे खंदकाचे निम्मे काम नद्यांनीच केले. आतला कोट पंचकोनी, प्रत्येक कोनावर बुरूज. त्याच्या बाहेरून दुसरा, उंचीने कमी असा दशकोनी कोट. बाहेरचा तट शत्रूच्या हाती गेला तरी आतल्या उंच तटावरून त्याच्यावर मारा करता यावा, अशी ही रचना. आत जायला एकामागून एक तीन दरवाजे. या तटांचे वैशिष्ट्य म्हणजे वीटकाम. दगडी किल्ले महाराष्ट्रात शेकडो आहेत, परंतु चुन्यात बसवलेल्या विटांचे इतके उंच आणि नेटके तट फार थोड्या ठिकाणी दिसतात. नदीकाठच्या गाळाची माती, पाणी आणि भट्टीचे कसब असल्यावाचून असा किल्ला उभा राहत नाही. बांधणाऱ्या नवाबाचे नाव पुस्तकात राहिले. विटा थापणारे, चुना मळणारे, कमानी साधणारे हात कोणाचे होते ते कोणी लिहून ठेवले नाही. त्यात सर्व जातिधर्मांचे हात असणार, हे सांगायला मात्र कागद लागत नाही.

आता एक गोष्ट अभ्यासूंनी ध्यानात घेण्यासारखी. हा किल्ला औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने १७२१ मध्ये बांधायला घेतला आणि अचलपूरचा नवाब इस्माईलखान याने १७५७ मध्ये पुरा केला, असे पुस्तकांतून आणि माहितीच्या लेखांतून वर्षानुवर्षे छापून येत आहे. पण आझमशहा १७०७ च्या जूनमध्येच आग्र्याजवळ जाजऊच्या रणांगणावर, तख्तासाठी भावाशी लढताना मारला गेला. मेलेला माणूस चौदा वर्षांनी किल्ल्याचा पाया कसा घालील? एक तर साल चुकीचे आहे, नाही तर नाव. हे तपासायला विद्यापीठाची पदवी लागत नाही. दोन तारखा शेजारी शेजारी मांडल्या की आठवीतला मुलगाही हे सांगेल. पण कोणी मांडल्या नाहीत, म्हणून एकाची चूक दुसऱ्याने उतरवली आणि दुसऱ्याची तिसऱ्याने. आपल्या स्थानिक इतिहासाची स्थिती ही अशी आहे. जेथे आपण स्वतः पाहत नाही, तेथे इतरांच्या चुकाही आपला इतिहास होऊन बसतात.

किल्ल्याच्या तटावरून भोवतालचा सपाट मुलूख पाहताना दोन साले आठवावीत. पहिले १६१६. तेव्हा मोगल सेनापती शहानवाजखान, म्हणजे कवी अब्दुर्रहीम खानखानाचा मुलगा, बाळापूरला होता. मलिक अंबरवर नाराज झालेले सरदार येथे येऊन त्याला मिळाले. त्यांत हबशी होते तसे मराठेही होते. दुसरे साल १७२०. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बाळापूरच्या परिसरात निजाम-उल-मुल्कने सय्यद बंधूंचा पुतण्या आलमअलीखान याचा पराभव केला. आलमअलीखान लढाईत मारला गेला. त्याच्या बाजूने मराठ्यांची फौज लढली होती. त्या फौजेतले दमाजी गायकवाड यांनी असा पराक्रम केला की छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना ‘समशेर बहादूर’ हा किताब दिला. पुढे बडोद्याच्या गायकवाड घराण्याने तो पिढ्यान्पिढ्या मिरवला. एका मराठा घराण्याचा फारसी किताब, आणि त्याचे मूळ वऱ्हाडातल्या या मैदानात! चार वर्षांनी, १७२४ च्या ऑक्टोबरात, आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्डा येथे निजामाने मुबारिजखानाला हरवले आणि हैदराबादच्या राज्याचा पाया पक्का केला. त्या वेळी मराठे निजामाच्या बाजूने होते. मित्र आणि शत्रू कसे ठरत, हे समजायला या दोन लढाया पुरेशा आहेत.

किल्ल्यावरून उतरून जुन्या वस्तीत शिरावे. गल्ल्या अरुंद आहेत, त्यामुळे उन्हाळ्यातही एका बाजूला सावली राहते. वऱ्हाडातली जुनी घरे पाहायची असतील तर पायापासून वर पाहावे : खाली दगडाचे जोते, त्यावर विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, आत सागवानी खांब आणि वर मातीचे धाबे. जाड भिंती आणि धाबे मिळून वैशाखातला ताप अडवतात. जुन्या वाड्यांच्या जागी आता सिमेंटचे स्लॅब येत आहेत. ते येणारच, घर हे राहण्यासाठी असते. तरी जुना दरवाजा भंगारात देण्यापूर्वी त्याचा एक फोटो काढून ठेवायला काही खर्च येत नाही.

याच गावात नक्शबंदी सिलसिल्याची खानकाह आहे. तिचे संस्थापक शाह इनायतुल्लाह यांचा काळ औरंगजेबाचा, त्यांची वफात १७०५ ची. बुऱ्हाणपूर आणि सरहिंदशी या खानकाहीचे आध्यात्मिक नाते होते. याच घराण्यातले सय्यद कमरुद्दीन औरंगाबादी (वफात १७७९) यांनी ‘मझहरुन्नूर’ हा ग्रंथ लिहिला आणि दक्षिणेच्या विद्वानांत नाव मिळवले. खानकाहीने अरबी-फारसी हस्तलिखितांचा संग्रह जपला. फौजा आल्या नि गेल्या, नवाब आले नि गेले. गावात टिकले ते पुस्तक, हे मला मोठे बोलके वाटते.

पुस्तकाला कागद लागतो, आणि तोही एके काळी बाळापुरात होत असे. हातकागद, पागोटी, सतरंज्या यांसाठी हे गाव नावाजलेले होते. मग हे वैभव गेले कुठे? १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिला. पुढे मुंबईहून निघालेली रेल्वे वऱ्हाडातून १८६७ मध्ये नागपूरला पोचली. रूळ शेगावातून गेले, पारसवरून गेले, बाळापूर बाजूला राहिले. १८७० मध्ये जलंबहून खामगावला फाटा निघाला. कापूस रुळांकडे धावला, व्यापारी कापसामागे गेला. शेगाव, खामगाव आणि अकोला वाढले. गिरणीच्या कागदापुढे हातकागद टिकला नाही, गिरणीच्या कापडापुढे पागोटे टिकले नाही. ज्या रुळांनी आमच्या शेगावचे दैव उघडले, त्याच रुळांनी शेजारच्या बाळापूरची बाजारपेठ ओढून नेली. कारागीर मुसलमान मोहल्ल्यांच्या आजच्या गरिबीची कारणे शोधताना आपण बऱ्याचदा नशिबाला दोष देतो किंवा शेजाऱ्याला. रेल्वेचा नकाशा मात्र कोणी उघडत नाही.

आता मुख्य मुद्दा. हा सारा इतिहास वाचायला दोन किल्ल्या लागतात. एक मोडी, दुसरी फारसी लिपी. मोडी शिकणारे तरुण आज महाराष्ट्रात निघत आहेत, त्यांचे वर्ग भरतात, ही आनंदाची गोष्ट आहे. दुसरी किल्ली आपल्या मुलांच्या दप्तरात पडून आहे. उर्दू शाळेतला सातवीचा विद्यार्थी नस्तलीक अक्षरे ओळखतो. नरनाळ्याच्या महाकाली दरवाजावर बहामनी काळातला, पंधराव्या शतकातला शिलालेख आहे. तो नस्तलीकात नाही, त्याचे वळण वेगळे आणि अवघड आहे. तरी ज्याला अलिफ-बे येते तो त्याच्यासमोर निदान निरक्षर नसतो. अर्थासाठी फारसी शिकावी लागेल, पण त्या भाषेचे कितीतरी शब्द मराठीने त्याला आधीच शिकवले आहेत : किल्ला, दरवाजा, कागद, तहसील, जमीन, बाजार. मराठी आणि उर्दू या दोन्ही ज्याच्या घरच्या आहेत, असा वाचक वऱ्हाडच्या इतिहासाला आज हवा आहे. हे काम आपण केले तर ते केवळ आपल्या समाजासाठी होणार नाही. मिर्झा राजाची छत्री, दमाजींचा किताब, बाळादेवीचे मंदिर आणि शाह इनायतुल्लाह यांची खानकाह एकाच गावात, चालण्याच्या अंतरावर आहेत. त्यांतले एक वाचून तीन सोडता येत नाहीत.

म्हणून शिक्षकबांधवांना एक विनंती आहे. सहल म्हटली की आपण मुलांना दूर नेतो. एका हिवाळ्यात त्यांना बाळापूरला न्या. सोबत वही, पेन्सिल आणि मोजायची फीत असू द्या. छत्रीचे खांब मोजू द्या, विटेची जाडी टिपू द्या, वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना गल्ल्यांची जुनी नावे विचारू द्या. मराठी शाळेच्या मुलांनाही बरोबर घ्या, म्हणजे एकाने मोडी शिकायची आणि दुसऱ्याने फारसी, असा सौदा त्यांचा त्यांच्यात ठरेल. कोणी पुढे ‘तुमचा इतिहास कुठला?’ असे विचारले तर त्या मुलाने आवाज चढवण्याची गरज राहणार नाही. तो वही उघडून दाखवील.