वेगदेवतेचा नैवेद्य

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या अगदीं खालच्या टोकास इन्व्हर्कार्गिल नांवाचें शहर आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास तेथील एका लहानशा शेडमध्यें एक मनुष्य राहत असे. तेंच त्याचें घर आणि तोच त्याचा कारखाना. खाटेपासून चार पावलांवर लेथ, आणि भिंतीला ठोकलेल्या फळ्यांवर फुटलेले दट्टे, वांकलेले दांडे, चिरा गेलेलीं सिलिंडरें ओळीनें मांडून ठेवलेलीं. मोडकें सामान कोणी असें जपून ठेवीत नाहीं. परंतु ह्या फळ्यांवर त्यानें इंग्रजींत अक्षरें रंगविलीं होतीं. त्यांचा अर्थ, ‘वेगाच्या देवतेला अर्पण’. देवघरांत नैवेद्य ठेवावा तसें तें सारें भंगार त्यानें मांडलें होतें.

हर्बर्ट जेम्स मन्रो हें त्याचें पूर्ण नांव. पण जग त्याला बर्ट मन्रो म्हणूनच ओळखतें. २५ मार्च १८९९ रोजीं त्याचा जन्म झाला, आणि इन्व्हर्कार्गिलच्या ईशान्येस असलेल्या एडनडेल येथील शेतावर त्याचें बालपण गेलें. १९२० सालीं त्यानें एक कोरी मोटारसायकल विकत घेतली. तिचें नांव ‘इंडियन स्काउट’. हें नांव वाचून कोणाचा ऊर अभिमानानें भरून येत असेल, तर सांगितलें पाहिजे कीं त्याचा आपल्या देशाशीं कांहीं एक संबंध नाहीं. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना कोलंबसानें चुकून जें नांव दिलें, तेंच ह्या कंपनीनें घेतलें होतें. हेंडी आणि हेडस्ट्रॉम ह्या दोघांनीं १९०१ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथें ती काढली. स्काउटचा आराखडा चार्लस् फ्रँकलिन ह्या आयरिश इंजिनियरानें केला होता. इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखीं मांडलेलीं दोन सिलिंडरें, सुमारें ६०० घन सेंटिमीटरांचें इंजिन आणि ताशीं ५५ मैलांचा वेग, एवढें तिचें भांडवल. त्या काळच्या रस्त्यांना तेवढें पुष्कळ होतें.

मन्रोला मात्र तें पुरेना. १९२६ सालापासून त्यानें ह्या फटफटीचीं अंगें एकामागून एक बदलावयास सुरुवात केली. पैसा जवळ नव्हता. दिवसा मोटारसायकली विकण्याची नोकरी आणि रात्रीं स्वतःच्या यंत्राची दुरुस्ती, असा क्रम वर्षानुवर्षें चालला. कित्येकदां रात्रभर काम करून, डोळ्याला डोळा न लागतां, तो सकाळीं तसाच कामावर हजर होई.

त्याच्या कामाची रीत समजून घेण्याजोगी आहे. इंजिनाचा दट्ट्या प्रत्येक फेऱ्यांत दोनदां थांबतो आणि दोनदां उलट फिरतो. वेग दुप्पट केला तर ह्या थांबण्या-उलटण्याचा ताण चौपट होतो. शिवाय वर जळत्या वायूची आंच. म्हणजे मूळ कारखान्यानें सावकाश चालीसाठीं केलेला दट्ट्या ह्या नव्या चालीला टिकणारच नाहीं. दुसरा आणावा तर तो बाजारांत नाहीं, आणि असला तरी खिशांत पैसे नाहींत. तेव्हां मन्रो धातु वितळवी, जुन्या डब्यांचा सांचा करून तींत तो रस ओती, आणि निघालेला ओबडधोबड गोळा लेथवर धरून त्याचा दट्ट्या तयार करी. सिलिंडरें आणि जडचक्रेंहि त्यानें घरींच केलीं. दट्ट्याला फिरत्या कण्याशीं जोडणारा दांडा सर्वांत अधिक ताण सोसतो. तो त्यानें ट्रॅक्टरच्या जुन्या आंसाच्या पोलादांतून कोरून काढला. मूळ इंजिनांत सिलिंडरांच्या बाजूला असलेल्या झडपा त्यानें माथ्यावर नेल्या, कारण हवा सरळ आंत येऊन सरळ बाहेर गेली तरच इंजिन मोकळा श्वास घेतें. मोजमापासाठीं मायक्रोमीटर लागतो. त्याचें काम तो चाकाच्या एका जुन्या तारेवर भागवी.

अशा रीतीनें केलेला भाग पुष्कळदां पहिल्याच परीक्षेंत फुटे. मग मन्रो त्याचे तुकडे हातांत घेऊन चीर कोठून सुरू झाली तें पाही, पुढचा भाग तेथें जाड करी किंवा आकार बदली, आणि फुटका तुकडा फळीवर जाऊन बसे. त्याचें हेंच विद्यालय. त्याला लहरी म्हणणारे लोक पुष्कळ होते. परंतु लहरी माणूस मोडलेली वस्तु फेंकून देतो, तिची तपासणी करीत बसत नाहीं.

येथें थोडें गणित केल्यास ह्या खटाटोपाचें खरें मोल कळेल. ताशीं ५५ मैलांवरून १८४ मैलांवर जावयाचें म्हणजे वेग तिपटीहून थोडा अधिक झाला, असें वाटतें. परंतु वाऱ्याचा अडथळा दूर सारण्यास लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. यंत्राचा आकार तोच राहिला तर सुमारें सदतीसपट शक्ति हवी! इंजिनाचें आकारमान तर शेवटीं शेवटीं ६०० वरून ९५० घन सेंटिमीटरांपर्यंत, म्हणजे दीडपटीहून जरासेंच अधिक झालें. उरलेलें सर्व काम वाढलेल्या फेऱ्यांनीं, मोकळ्या श्वासानें आणि बाहेरच्या कवचानें करावयाचें होतें. म्हणूनच मन्रोनें माशाच्या अंगासारखें निमुळतें कवच केलें. आधीं अल्युमिनमचा पत्रा ठोकून, मागाहून फायबरग्लासचें. त्यांत तो जवळजवळ पालथा निजूनच यंत्र चालवी.

१९४७ सालीं त्याचा विवाहविच्छेद झाला; त्याला चार मुलें होतीं. पुढें तो शेडमध्येंच राहूं लागला. विच्छेदाच्या कारणांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं. तथापि रात्री लेथपाशीं घालविणाऱ्या माणसाच्या घरींहि माणसें असतात, हें अशा कथा सांगणारे सहसा विसरतात.

न्यूझीलंडांतील त्याचा पहिला विक्रम १९३८ सालचा. इन्व्हर्कार्गिलजवळ ओरेटी नांवाचा लांबच लांब समुद्रकिनारा आहे. ओहोटीनंतर तेथील ओली वाळू घट्ट होते. तीच मन्रोची चांचणीची जागा. १९५७ सालीं त्यानें तेथें ताशीं १३१ मैलांहून अधिक वेग गांठला. ह्यापुढें जावयास मात्र वाळू अपुरी पडूं लागली. अमेरिकेंत यूटा संस्थानांत बॉनव्हिल येथें एका आटलेल्या प्राचीन सरोवराचा तळ आहे. तेथें मैलोगणती सपाट, पांढरें, कठीण मीठ पसरलेलें असून वेगाचे विक्रम करणारे लोक दर वर्षीं तेथें जमत. मन्रो तेथें एकूण दहा वेळां गेला. पहिल्या खेपेस केवळ पाहण्यासाठीं.

१९६२ सालीं, त्रेसष्टाव्या वर्षीं, त्यानें तेथें सुमारें १७९ मैलांचा पहिला विक्रम केला. १९६६ सालीं, वरच्या वर्गांत, १६८ मैलांचा दुसरा. हें सारें सुखासुखीं झालें नाहीं. एका धांवेंत यंत्र थरथरून डोलूं लागलें. वेग कमी व्हावा म्हणून मन्रो उठून बसला, तोंच वाऱ्यानें डोळ्यांवरचा चष्मा उडवून नेला आणि त्याला कांहीं दिसेना. रस्ता दाखविणारी काळी रेघ केव्हांच सुटली होती. एक पोलादी खुंटी अगदीं थोडक्यांत चुकली. शेवटीं त्यानें यंत्र मिठावर आडवें पाडलें, आणि थोड्या खरचटण्यावर निभावलें. १९६७ सालीं, अडुसष्टाव्या वर्षीं, सत्तेचाळीस वर्षांच्या त्या यंत्रावर त्यानें हजार घन सेंटिमीटरांच्या वर्गांत तिसरा विक्रम केला. दोन विरुद्ध दिशांच्या धांवांची सरासरी त्या वेळीं १८३.५८६ मैल अशी नोंदली गेली.

रॉजर डोनाल्डसन ह्या दिग्दर्शकानें १९७१ सालीं त्याच्यावर माहितीपट केला, आणि २००५ सालीं अँथनी हॉपकिन्सला घेऊन मोठा चित्रपट काढला. चित्रपट गोड आहे, पण त्यांत अनेक वर्षांच्या खेपा एकाच प्रवासांत गोंवल्या आहेत. ज्यांना तो पाहून वाटेल कीं मन्रो एकदांच गेला आणि जिंकून आला, त्यांना त्या फळ्यांवरचें भंगार कधींच कळावयाचें नाहीं.

१९७७ सालीं मन्रोला पक्षाघाताचा झटका आला. हातापायांचा मेळ पूर्वीसारखा राहिला नाहीं, तेव्हां यंत्रें आपल्याच प्रांतांत राहावीं म्हणून त्यानें तीं इन्व्हर्कार्गिलच्या नॉर्मन हेझ ह्या व्यापाऱ्यास विकलीं. ६ जानेवारी १९७८ रोजीं तो वारला. पुढें त्याच्या मुलाला १९६७ सालच्या नोंदींतील आंकडेमोडींत चूक आढळली, आणि २०१४ सालीं, म्हणजे मृत्यूनंतर छत्तीस वर्षांनीं, अमेरिकन संस्थेनें ती मान्य करून विक्रम १८४.०८७ मैल असा दुरुस्त केला. इंडियन स्काउट हेझ कुटुंबाच्या लोखंडी सामानाच्या दुकानांत, खिळे आणि स्क्रू घ्यावयास येणाऱ्या गिऱ्हाइकांना दिसेल असें, मांडून ठेवण्यांत आलें.