फाळक्यांच्या घरची करमणूक

मुलांस बरोबर घेऊन घराबाहेर पडावयाचें, चार घटका मजेंत घालवावयाच्या आणि दिवेलागणीस घरीं परतावयाचें, हा शहरांतील सुशिक्षित कुटुंबांचा जुना परिपाठ आहे. नाशिककर मंडळी गोदावरीला गंगाच म्हणतात. त्यामुळें तेथील मुलांची पहिली सहल बहुधा गंगाघाटावरची असते आणि दुसरी पांडवलेण्यांची. अशा सहलींची नोंद कोणी ठेवीत नाहीं व ठेवण्याचें कारणहि नसतें. परंतु त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या आणि नाशकास आपली कर्मभूमि केलेल्या एका गृहस्थाच्या कुटुंबानें मुंबईस केलेली अशीच एक साधी सहल भारताच्या इतिहासांत जाऊन बसली आहे. हे गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके, आणि ती सहल १९११ सालच्या एप्रिल महिन्यांतील.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा. म्हणजे त्या वेळीं त्यांचीं चाळीस वर्षें उलटून गेलीं होतीं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत आणि बडोद्याच्या कलाभवनांत त्यांचें शिक्षण झालें होतें. छायाचित्रण, शिळाछाप, जादूचे प्रयोग असे नाना उद्योग त्यांनीं करून पाहिले होते. भागीदारांशीं न पटल्यामुळें छापखान्याचा धंदा नुकताच सुटला होता. संसार पाठीशीं, आणि पुढें काय करावें हें ठरलेलें नाहीं, अशी ती स्थिति होती. अशा दिवसांत, १४ एप्रिल रोजीं, ते आपला वडील मुलगा भालचंद्र यास घेऊन गिरगांवांतील ‘अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस’मध्यें चलत्‌चित्रांचा खेळ पाहण्यास गेले. पडद्यावर जनावरें चालतांना व धांवतांना पाहून मुलगा थक्क झाला. घरीं येतांच त्यानें आईला, म्हणजे सरस्वतीबाईंना, सारें वर्णन करून सांगितलें. पण त्या बोलण्यावर घरांत कोणाचाहि विश्वास बसेना.

मुलांच्या अशा सांगण्याकडे वडील माणसें बहुधा हंसून दुर्लक्ष करितात. फाळके यांनीं तसें केलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं सारें घरच खेळास नेलें. ईस्टरचा सण असल्यामुळें त्या दिवशीं येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट लागला होता. घरच्या मंडळींस भालचंद्राच्या सांगण्याची प्रचीति आली. परंतु फाळके यांच्या डोळ्यांपुढें ख्रिस्ताच्या जागीं राम आणि कृष्ण दिसूं लागले. आपल्या देशांतील कथा आपल्याच माणसांनीं पडद्यावर कां आणूं नयेत, ह्या एका प्रश्नानें त्यांस पछाडलें. घरच्या आठवणींतून पुढें आलेली ही हकिकत आहे. भारतीय चित्रपटाचा इतिहास लिहिणारे बहुधा ख्रिस्ताच्या चित्रपटापासून आरंभ करितात; पण त्याच्या एक दिवस आधीं एका मुलाच्या आश्चर्यावर त्याच्या बापानें विश्वास ठेविला होता, हें त्या आरंभाच्याहि अगोदरचें प्रकरण होय.

पुढील महिने फाळके यांनीं खेळांमागून खेळ पाहण्यांत घालविले. त्या श्रमानें त्यांची दृष्टि कांहीं काळ अगदीं अधू झाली. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून त्यांनीं कर्ज उभें केलें, १ फेब्रुवारी १९१२ रोजीं लंडनकरितां प्रयाण केलें आणि तेथील चित्रपटगृहांची व कारखान्यांची माहिती करून घेऊन दोन महिन्यांनीं ते परत आले. मागविलेला विल्यमसन कॅमेरा मे महिन्यांत घरीं येऊन पोंचला. कोऱ्या फिल्मच्या कडांस भोकें पाडणें, चित्रण झालेली फिल्म अंधाऱ्या खोलींत धुणें, हीं कामें त्यांनीं घरच्या माणसांस शिकविलीं. कॅमेरा नीट चालतो कीं नाहीं हें पाहावयाचें होतें. त्यासाठीं त्यांनीं आसपासचीं मुलें-मुली यांचेंच चित्रण केलें.

त्यानंतरचा प्रयोग तर कोणत्याहि घरच्या ओसरीवर शोभेल असाच होता. फाळके यांनीं एका कुंडींत वाटाणे पेरले आणि कॅमेरा तिच्यापुढें मांडून ठेविला. दररोज फक्त एक चित्र घ्यावयाचें, असा क्रम महिन्याहून अधिक काळ चालला. ती सर्व चित्रें ओळीनें पडद्यावर सोडतांच सुमारें एका मिनिटांत दाणा फुटला, कोंब वर आला आणि पाहतां पाहतां त्याचा वेल झाला. ‘अंकुराची वाढ’ या नांवाचा हा लहानसा चित्रपट पाहून द्रव्यसाहाय्य करणारीं माणसें पुढें आलीं. कुंडींत दाणा पेरून त्याला कधीं कोंब येतो हें रोज सकाळीं पाहणें, हा लहान मुलांचा ठरलेला खेळ. त्याच खेळानें येथें एका उद्योगाचें भांडवल मिळवून दिलें.

घर आणि चित्रपट यांचा असा संबंध केवळ मुंबईंतच आला असें नाहीं. २८ डिसेंबर १८९५ रोजीं पॅरिस येथें ल्यूमिएर बंधूंनीं पैसे घेऊन पहिला जाहीर खेळ केला, तेव्हां दाखविलेल्या लहान लहान चित्रांत एक चित्र न्याहारीचें होतें. त्यांत ऑगस्ट ल्यूमिएर व त्यांची पत्नी आपल्या तान्ह्या मुलीस भरवीत आहेत, एवढाच प्रसंग आहे. नव्या यंत्रापुढें प्रथम उभें राहिलें तें दोन्ही ठिकाणीं घरचें वा शेजारचें मूल. यंत्रवाल्यास कसलेले नट पुढें मिळाले. आरंभीं हांकेसरशीं आलीं तीं मुलेंच.

‘राजा हरिश्चंद्र’ ह्या पहिल्या कथापटाची उभारणी दादरच्या राहत्या घरीं सुरू झाली. पैसा अपुरा पडूं लागतांच सरस्वतीबाईंनीं आपले दागिने काढून दिले. दिवसा मंडळींचें जेवणखाण त्यांनीं सांभाळावें आणि रात्रीं फिल्मला भोकें पाडण्यास बसावें, असा त्यांचा नित्यक्रम झाला. चित्रपटांत काम करण्यास स्त्रिया तयार होईनात, म्हणून तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाकडे गेली. रोहिदासाची अडचण वेगळीच होती. वनांत हाल सोसून शेवटीं मृत होऊन पडणाऱ्या पोराचें सोंग आपल्या मुलानें घ्यावें, असें कोणत्या आईबापांस वाटणार? तेव्हां पडद्यावरील जनावरें पाहून हरखलेला भालचंद्रच रोहिदास झाला.

मुंबईबाहेर वांगणी या गांवीं चित्रण चालू असतां भालचंद्र खडकावर पडला, त्याच्या डोक्यास मार लागला आणि तो बेशुद्ध झाला, अशी आठवण सांगितली जाते. बरोबरची मंडळी म्हणाली कीं मुलास आधीं दवाखान्यांत न्यावें, चित्रण मागाहून होईल. परंतु त्या प्रसंगीं रोहिदास जमिनीवर निपचित पडलेला दाखवावयाचा होता. फाळके यांनीं प्रथमोपचार केले, मन घट्ट केलें आणि तो प्रसंग तसाच पुरा करून घेतला. ह्या गोष्टीचें कौतुक पुष्कळदां होतें. पण घरांत मुलें असणारा मनुष्य ती ऐकून क्षणभर थबकल्यावांचून राहत नाहीं. मुलाच्या आनंदांतून बापाचें कार्य निघालें, हें खरें. आणि त्या कार्याचें ओझें मुलाच्या अंगावर पडलें, हेंहि तितकेंच खरें आहे. दोन्ही गोष्टी शेजारीं ठेविल्याशिवाय ह्या घराचा इतिहास पुरा होत नाहीं.

३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें ‘राजा हरिश्चंद्र’ जनतेपुढें आला आणि लोकांनीं त्यास उचलून धरिलें. त्याच वर्षीं फाळके आपलें बिऱ्हाड व कारखाना घेऊन नाशकास आले. ‘मोहिनी भस्मासुर’ हा त्यांचा पुढील चित्रपट. त्यांत दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई ह्या मायलेकींनीं भूमिका केल्या, आणि भारतीय पडद्यावर स्त्रिया प्रथमच दिसल्या. तो बंद दरवाजा उघडला तोहि एका आईनें व मुलीनें मिळून, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. १९१९ सालच्या ‘कालिया मर्दन’ चित्रपटांत बाळकृष्ण झाली ती फाळके यांची चिमुरडी कन्या मंदाकिनी. चित्रपटाच्या आरंभीं ही पोर प्रेक्षकांकडे तोंड करून चेहऱ्यावर एकामागून एक भाव आणून दाखविते. ह्या चित्रपटाचा बराच भाग आजहि टिकून आहे. तिचा तो खोडकर चेहरा पाहतांना पुराणांतील कथेइतकीच एका घरांतील हंशाखुशीची आठवण होते.

उत्तरकाळीं मात्र दिवस पालटले. भांडवलवाल्या भागीदारांशीं फाळके यांचे खटके उडाले. बोलपट आले आणि मूकपटांचा जमाना मागें पडला. १९३७ सालचा ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशकासच त्यांचें देहावसान झालें. १९६९ पासून त्यांच्या नांवानें चित्रपटक्षेत्रांतील सर्वोच्च राष्ट्रीय पुरस्कार दिला जातो. हा मान यथायोग्य आहे. परंतु रात्री जागून फिल्मला भोकें पाडणारी गृहिणी, आणि कॅमेऱ्यापुढें उभीं राहिलेलीं मुलें यांचीं नांवें त्या मानाच्या मागें झांकून जातात. वस्तुतः ज्या कामास सारें घर लागलें, त्याचें श्रेय एका नांवावर मावण्यासारखें नाहीं.

पांडवलेण्यांच्या पायथ्याशीं आज फाळके यांचें स्मारक आहे, आणि वर डोंगरांतील तिसऱ्या लेण्यांत गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. नातू पुळुमावि याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षीं त्या आजीनें आपल्या मुलाचा पराक्रम दगडावर कोरवून ठेविला. मुलांस घेऊन त्या पायऱ्या चढणाऱ्या आईबापांस एकाच सकाळीं दोन घरांच्या कथा सांगतां येतील. मुलें मधेंच थांबून एखादा सरडा किंवा एखादें चित्र दाखवितील, आणि घरीं राहिलेल्या भावंडांना त्याची हकिकत जरा वाढवूनच सांगतील. तीं सांगतील तें खोटें ठरविण्याची घाई करूं नये. शक्य असेल तर दुसऱ्या दिवशीं सर्वांनीं मिळून तेथें पुन्हां जावें आणि स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें. फाळक्यांच्या घरीं आरंभ एवढ्यानेंच झाला होता.