गाडी की लाल डबा? नाकाडोंगरीचा शंभर वर्षांचा हिशेब

नागपूरला जायचं तर गाडीनं की एसटीनं, हा वाद आपल्या नाकाडोंगरीत घरोघरी होतो. म्हातारे म्हणतात गाडी, बाया म्हणतात बस, आणि ज्याच्या दारात मोटरसायकल उभी आहे तो म्हणतो, "चला, तुमसर रोडला सोडून देतो." बातम्यांच्या निमित्तानं या विषयावरचं बरंच जुनं वाचण्यात आलं, ते एकदा सलग मांडतो. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

सुरुवात इथून करू, की आपली रेल्वे आपल्यासाठी आलेलीच नाही. मुंबईकडून येणारी लाईन 1867 मध्ये नागपूरला पोचली आणि तिथंच थांबली. पुढे छत्तीसगडचं धान्य होतं, पण ते आणायला रूळ नव्हते. 1878 च्या दुष्काळानंतर सरकारनं नागपूर ते राजनांदगाव अशी मीटर गेज लाईन टाकायला घेतली. 1887 मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिनं ही लाईन घेऊन रुंद केली आणि 1891 मध्ये मालगाड्या थेट आसनसोलपर्यंत जाऊ लागल्या. या सगळ्यात भंडारा शहराला काय मिळालं? वरठीचं स्टेशन. तुमसरला मिळालं देव्हाडीचं. म्हणून ही स्टेशनं अजून "भंडारा रोड" आणि "तुमसर रोड". स्टेशनच्या नावात "रोड" दिसला की समजायचं, गाव अजून पुढे आहे आणि पुढचं तुम्ही तुमचं पाहा.

मग आपल्या बाजूला गाडी वळली कशी? मँगनीजमुळे. 1896 मध्ये इंग्रजांचं एक सिंडिकेट मध्य प्रांतात खनिज शोधायला आलं, तेच पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओर कंपनी झालं. चिखला, डोंगरी बुजुर्ग, तिरोडी या खदानी त्याच काळाची देणगी. पोलाद करायला मँगनीज लागतं, आणि आपल्याकडचं जगात मागणी असलेलं. बैलबंडीनं ते किती वाहणार? म्हणून तुमसर रोडवरून तिरोडीकडे फाटा निघाला. स्टेशनं कुठे आली ते बघा: गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग, तिरोडी. खदानींची रांगच आहे ती. मोठ्या वस्तीच्या मध्यातून लाईन न्यावी असा विचार करायचं कंपनीला कारणच नव्हतं. माल परदेशी जायचा. 1933 मध्ये विशाखापट्टणमचं बंदर सुरू झालं त्यामागे मध्य प्रांताचं मँगनीज हे मोठं कारण होतं. आपल्या डोंगरातला दगड समुद्रापर्यंत सरळ जात होता, आणि नाकाडोंगरीचा माणूस स्टेशनपर्यंत पायी!

मालगाडीला मागे दोन डबे जोडले की माणसंही जातात. पॅसेंजर आपल्या वाट्याला आली ती अशी.

मोटारीचा भाग लोकांना कमी माहीत आहे. 1927 मध्ये मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्ते समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून पेट्रोलवर जादा कर बसवून रस्त्यांसाठी निधी उभा राहिला. रस्ते सुधारले तशा खाजगी मोटारी धावू लागल्या. दार बंद, प्रवासी भरले की निघाली, वेळापत्रक वगैरे काही नाही. तेवढ्यात जागतिक मंदी आली. रेल्वेचं उत्पन्न घसरलं आणि रेल्वेवाल्यांनी बोट दाखवलं मोटारींकडे. 1932 मध्ये सरकारनं मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांना रेल्वे-रस्ता स्पर्धेचा अभ्यास करायला लावलं, 1933 मध्ये सिमल्याला परिषद झाली, आणि शेवटी 1939 चा मोटार वाहन कायदा आला. कोणत्या रस्त्यावर कोणी बस चालवायची याला परवाना लागू लागला. म्हणजे "गाडी की बस" हे भांडण आपण आज करतो, ते सरकारनं नव्वद वर्षांपूर्वी दप्तरात घेतलं होतं.

लगेच महायुद्ध आलं. पेट्रोल मिळेना, तेव्हा कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारी निघाल्या. मागे भट्टी लावलेली, चढ आला की उतारू उतरून ढकलणार. युद्ध सुरू असतानाच, 1943 मध्ये, देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि वीस वर्षांचा रस्ते आराखडा केला. गाव मोठ्या रस्त्यापासून फार दूर राहू नये, हा विचार त्यात होता. रेल्वेच्या आखणीत तो आपल्या वाट्याला कधी आला नव्हता.

एसटीचा जन्म आपण 1 जून 1948 सांगतो, पुणे-अहमदनगर. पण तो मुंबई राज्याचा. आपण तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात, राजधानी नागपूर, आणि इकडे प्रांतिक परिवहन सेवा होती. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, पुढे ती सेवाही आजच्या महामंडळात विलीन झाली. गंमत अशी, की 1950 च्या कायद्यानं या महामंडळांच्या भांडवलात रेल्वेच्या मार्फत केंद्राचाही वाटा आला. काल भांडणारे आज भागीदार. दोघांची वेळ जुळवावी एवढं मात्र या भागीदारीला सुचलं नाही.

1956 नं आपल्या गावाला आणखी एक गोष्ट दिली: सीमा. त्याआधी तुमसर आणि कटंगी एकाच राज्यात होते. बावनथडीच्या पलीकडे सोयरे, पलीकडे बाजार, मधे काहीच नव्हतं. नंतर बसला दोन राज्यांचे करार आणि परवाने लागू लागले. रुळांना त्याचं काही नाही. फाटा भंडाऱ्यात सुरू होतो आणि बालाघाटात संपतो. आता तर तिरोडी-कटंगी जोडही झाला, पूर्वी बालाघाट-कटंगी ही छोटी लाईन वेगळीच पडली होती. लेकीला पलीकडे दिलेल्या घरांसाठी म्हणूनच गाडी महत्त्वाची. नकाशात ती आडवळणाची दिसते, नात्यात नाही.

आता अलीकडचं. मार्च 2020 मध्ये देशभरातल्या पॅसेंजर थांबल्या, मालगाड्या चालूच होत्या. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा अनेक पॅसेंजरना एक्स्प्रेसचं भाडं लागलं, दहाचं किमान तिकीट तीस झालं, ते फेब्रुवारी 2024 मध्ये मागे आलं. ज्येष्ठांची रेल्वे सवलत 2020 मध्ये गेली ती गेलीच. मधे ऑक्टोबर 2021 पासून एप्रिल 2022 पर्यंत एसटीचा संप. त्या काळात इकडचा माणूस कशानं गेला? काळी-पिवळीनं, मागे लटकून.

मग एसटीनं डाव फिरवला. ऑगस्ट 2022 पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना मोफत, 17 मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट. जानेवारी 2025 ला भाडं 14.95 टक्के वाढलं तरी बाया बसलाच जातात. अर्ध्या तिकिटातही रेल्वे स्वस्तच पडते, हे खरं. पण बस गावातून उचलते आणि गणेशपेठला सोडते. गाडीसाठी आधी स्टेशन गाठा, मग इतवारीला उतरून ऑटो करा. वाचलेले पैसे ऑटोवाला घेतो.

माझं मत विचाराल तर एकट्यानं, हातात पिशवी, दवाखान्याची वेळ ठरलेली, तर बस. घरची चार माणसं, सोबत तांदळाचं पोतं, किंवा पलीकडच्या राज्यात जायचं, तर गाडी. ही निवड करता यायला दोन्ही चालू राहायला पाहिजेत, आणि मला काळजी तिथंच वाटते. गाडीचं वेळापत्रक बिलासपूरच्या झोनमध्ये ठरतं, बसचं आपल्या भंडारा विभागात. एक कार्यालय दुसऱ्याला विचारत नाही. तुमसर आगाराची एक बस गाडीच्या वेळेला नाकाडोंगरीहून गोबरवाही स्टेशनवर आणि गाडी आल्यावर परत, एवढं मागायचं आहे. नवीन रूळ नको, नवीन रस्ता नको. ग्रामपंचायतीचा ठराव पाहिजे आणि त्याची एक प्रत बिलासपूरला, एक भंडाऱ्याला. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडणार आहे. ज्यांना स्टेशनपर्यंत पायी जावं लागतं त्यांनी तरी त्या दिवशी या.