जितके तितके

साताऱ्याहून पूर्वेकडे निघालेला प्रवासी खटाव-माणच्या उघड्या माळावर आला, की यमाईचा डोंगर त्याला दुरूनच दिसू लागतो. आणि त्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेले औंध हे आजचे शांत खेडे एके काळी पंतप्रतिनिधींच्या संस्थानाची राजधानी होते, हे ठाऊक नसलेल्यास मुद्दाम सांगावे लागते. संस्थान म्हणावे तर विस्तार अवघा पाचशे चौरस मैलांच्या आसपास, गावे बहात्तर, आणि तीही एका सलग मुलखात नव्हेत; औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ अशा तुटक महालांत ती विखुरलेली. पाऊस बेताचा, वसूल त्याहून बेताचा. अशा संस्थानाच्या दफ्तरात बसणाऱ्या कारकुनाला शिल्लक थोडी आणि बाकी फार, हा अनुभव नित्याचा असला पाहिजे. आणि बीजगणित म्हणून ज्या विषयाची शाळकरी मुले धास्ती घेतात, त्याचे मूळ या जमा आणि बाकीच्या हिशेबातच आहे, हे मला या लेखात दाखवावयाचे आहे.

इंग्रजी शाळा येण्यापूर्वी या भागात गणित शिकवीत ते गावोगावचे पंतोजी. धुळपाटीवर बोटाने आकडे गिरवून झाले, की मुले पाढ्यांकडे वळत; आणि ते पाढेही केवळ पूर्णांकांचे नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असा अपूर्णांकांचा सारा परिवार सायंकाळच्या परवच्यात एका सुरात म्हटला जाई. सोळा आण्यांचा रुपया, चाळीस शेरांचा मण आणि वीस मणांची खंडी यांत ज्याला आयुष्य काढावयाचे, त्याला साडेतीन रुपये भावाने सात मणांचे किती होतात, हे कागदाला हात न लावता सांगता यावे लागे. या शिक्षणात घोकंपट्टी होती, छडी होती, हे खरेच. परंतु जे घोकावयाचे ते बाजारात उद्या उपयोगी पडणार, ही खात्रीही त्यात होती.

अज्ञात संख्या शोधण्याची युक्तीही या परंपरेत परकी नव्हती. एका शेतकऱ्याने खळ्यावरील जोंधळ्याचा अर्धा भाग पेवात भरला, चौथा भाग सावकारास दिला, आठवा भाग बलुतेदारांस वाटला आणि घरात दोन मण उरले, तर मूळ रास किती, असा प्रश्न घ्यावा. येथे आपली परंपरा सांगे, की रास आठ मण होती असे क्षणभर धरून चाला. आठांतून चार गेले, दोन गेले, एक गेला, उरला एक. पण प्रत्यक्षात तर दोन उरले आहेत, म्हणजे आपण धरले त्याच्या दुप्पट. तेव्हा रासही आठाच्या दुप्पट, सोळा मण. या रीतीला भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त इष्टकर्म म्हटले आहे. आपल्या मनाला वाटेल ती संख्या इष्ट मानावी, ती चुकली तर किती पटीने चुकली ते पाहावे, आणि त्या पटीने सुधारून घ्यावी. खोट्या उत्तराच्या हाताला धरून खऱ्या उत्तराकडे जाण्याचा हा मार्ग मला मोठा मनोज्ञ वाटतो. कारण चुकणे हा येथे अपराध नसून पहिली पायरी आहे.

पण प्रत्येक प्रश्न असा एका पटीत सुटत नाही, आणि तेथेच बीजगणिताचा प्रांत सुरू होतो. भास्कराचार्यांनी सुमारे ११५० मध्ये ‘लीलावती’बरोबरच ‘बीजगणित’ही रचले, आणि त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापिलेला मठ आपल्याच खानदेशात, चाळीसगावाजवळच्या पाटण येथे होता. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेला १२०७ मधील तेथील शिलालेख आरंभी संस्कृतात असून, मठाच्या खर्चासाठी बाजारपेठेतील मालावर कोणत्या बाबी लावून दिल्या, हे सांगणारा त्याचा शेवटचा भाग मात्र जुन्या मराठीत आहे. देवांचे आणि राजांचे वर्णन संस्कृतात करून झाल्यावर, प्रत्यक्ष देण्याघेण्याची वेळ येताच लेखकाने व्यापाऱ्याला आणि कुणब्याला कळेल ती भाषा वापरली. गणिताच्या अध्यापनाचा खर्च बाजार उचलीत होता, आणि तो करार मराठीत होता, ही गोष्ट आपल्या शिक्षणाच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहिण्याजोगी आहे.

त्या ‘बीजगणिता’तील एक प्रश्न येथे सविस्तर पाहू. एका गृहस्थाजवळ सहा घोडे आणि तीनशे रुपये आहेत. दुसऱ्याजवळ त्याच किमतीचे दहा घोडे आहेत, पण त्याच्या डोक्यावर शंभर रुपयांचे कर्ज आहे. आणि दोघांची मालमत्ता सारखीच भरते. तर एका घोड्याची किंमत काय? ही किंमत आपणास ठाऊक नाही. तिला भास्कराचार्य ‘यावत्तावत्’ म्हणतात. या संस्कृत शब्दाने बिचकण्याचे कारण नाही. त्याचा साधा मराठी अर्थ ‘जितके तितके’. असेल ती असो, तूर्त तिला ‘जितके तितके’ म्हणा आणि पुढे चला. त्या शब्दाचे पहिले अक्षर ‘या’ घेऊन, आणि ज्ञात संख्येपुढे रूप या शब्दातले ‘रू’ लिहून, दोघांची मालमत्ता एकीखाली एक अशी मांडावयाची: वर या ६ रू ३००, आणि खाली या १० रू १००. दुसऱ्याचे शंभर हे ऋण, म्हणून त्या शंभरावर एक टिंब द्यावयाचे. ऋण म्हणजे कर्ज आणि धन म्हणजे संपत्ती. आज वजा आणि अधिक म्हणून निर्जीव झालेली ही चिन्हे त्या काळी सावकाराच्या खतावणीतून सरळ चालत आलेली होती.

आता दोन्ही पक्ष सारखे आहेत, तेव्हा दोघांकडूनही सारखेच काढून घेतले किंवा दोघांनाही सारखेच दिले, तर बरोबरी ढळावयाची नाही. दोघांचे सहा सहा घोडे बाजूस काढा. पहिल्याजवळ नुसते तीनशे रुपये उरले. दुसऱ्याजवळ चार घोडे आणि शंभराचे कर्ज. मग दोघांनाही शंभर शंभर रुपये द्या. दुसऱ्याचे कर्ज फिटले, पहिल्याचे चारशे झाले. चार घोडे म्हणजे चारशे रुपये. एक घोडा शंभराचा. पहिल्याचे सहाशे आणि तीनशे मिळून नऊशे, दुसऱ्याचे हजारातून शंभर गेले तरी नऊशे, ताळा जुळला. ज्याला बाजारातील तराजूची दोन पारडी समजतात, त्याला यात न समजण्यासारखे काय आहे?

हा विचार देशोदेशी फिरला, आणि देशोदेशींचे विचार त्याला येऊन मिळाले. नवव्या शतकात बगदादेत अल्-ख्वारिझ्मी याने आपल्या ग्रंथाच्या नावात घातलेला ‘अल्-जब्र’ हा शब्द, वजा झालेले दुसऱ्या बाजूस भरून देणे, म्हणजे आपल्या दुसऱ्या गृहस्थाचे कर्ज फेडणे, याच क्रियेचा वाचक होता. त्यावरूनच युरोपातील भाषांनी या शास्त्राचे नाव घेतले. बरोबरीची दोन समांतर रेघांची खूण रॉबर्ट रेकॉर्ड या ग्रंथकाराने १५५७ मध्ये छापली, आणि अज्ञातासाठी ‘एक्स’ हे अक्षर देकार्तच्या १६३७ मधील ग्रंथानंतर रूढ झाले. इकडे भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’चे फारसी भाषांतर अकबराच्या दरबारी फैजीने १५८७ मध्ये केले, आणि कोलब्रुकने १८१७ मध्ये ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे दोन्ही ग्रंथ इंग्रजीत आणले. पण त्यानंतर आपल्या मुलांच्या हाती जे बीजगणित पडले, ते विलायती पाठ्यपुस्तकांच्या वळणाचे होते, आणि त्यात ‘जितके तितके’ कोठेच नव्हते.

मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली, आणि पुढे मराठी मुलखातील प्रत्येक हायस्कूल, औंधचे हायस्कूलही, त्या परीक्षेच्या चाकाला जुंपले गेले. गरिबीमुळे अन्यत्र शिकणे अशक्य झालेल्या मुलांना या संस्थानाने आसरा दिला, हे त्याचे मोठेच पुण्य. बालपणीचे साने गुरुजी याच कारणाने काही काळ औंधास शिकले. परंतु परीक्षेच्या घाईत ‘पक्ष बदलला की चिन्ह बदलते’ हा एकच मंत्र मुलांच्या कानांत फुंकला जातो, आणि ते चिन्ह का बदलते हे सांगावयाचे राहून जाते. कर्ज फेडल्याची गोष्ट विसरली, की उरते ती अक्षरांची निर्विकार उलथापालथ. आटपाडी भागातील माडगुळ्याचे ग. दि. माडगूळकर औंधच्या शाळेत शिकले, आणि ज्यांच्या लेखणीतून पुढे महाराष्ट्राला गीतरामायण मिळाले, त्या कवीची वाट मॅट्रिकमध्ये गणितानेच अडवली. त्यात दोष कोणा एकाचा नव्हे; पण शब्दांवर एवढे प्रभुत्व असलेल्या मुलाला अज्ञाताची ओळख एखाद्या अर्थपूर्ण शब्दातून झाली असती तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आणि आश्चर्य हे, की अवघड गोष्ट पायरीपायरीने सोपी करण्याची विद्या औंधाइतकी दुसऱ्या कोणत्या गावाने क्वचितच जोपासली असेल. १९०९ मध्ये गादीवर आलेल्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला तो दहा स्थितींत त्याची फोड करून. शरीर एकदम वाकत नाही, ते एकेका स्थितीने वाकते. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनी औंधास स्वाध्याय मंडळ चालविले, आणि गुरूच्या घरी बारा वर्षे राहिल्यावाचून येत नाही अशी ज्या संस्कृताची ख्याती, ते लहान लहान पाठांच्या पुस्तकांतून घरबसल्या शिकता येईल, असे करून ठेवले. कुंडलजवळच्या ओसाड माळावर १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना जागा मिळाली, आणि तेथे खेड्यातील माणसे नांगराच्या कारखान्यात यंत्रे चालवू लागली. शेवटी, महात्मा गांधींच्या सल्ल्याने आणि पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन व राजपुत्र अप्पासाहेब पंत यांच्या खटपटीने, जानेवारी १९३९ मध्ये संस्थानाची नवी राज्यघटना झाली. राजाने आपला अधिकार सोडून तो गावोगावच्या पंचायतींपासून वर चढत जाणाऱ्या व्यवस्थेच्या हवाली केला. राज्यकारभारासारखी गुंतागुंतीची बाबसुद्धा खेड्याच्या पारावर समजावून सांगता येते, असे ज्या संस्थानाने मानले, त्याला दोन पक्षांची बरोबरी समजावणे अशक्य नव्हते.

मार्च १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. औंध सातारा जिल्ह्यात राहिले, आटपाडी आणि कुंडल आज सांगलीत आहेत, बाळासाहेब १९५१ मध्ये निवर्तले. गावातील पोरे अजूनही समीकरणे सोडवितात आणि अजूनही त्यांतील कित्येकजण ‘एक्स’ पाहून दचकतात. म्हणून या भागातील, किंबहुना मराठी मुलखातील कोणत्याही शाळेतील गणिताच्या शिक्षकास माझी एवढीच विनंती आहे. समीकरणांच्या पहिल्या दिवशी फळ्यावर परके अक्षर लिहिण्यापूर्वी त्या दोन गृहस्थांचे घोडे वर्गात आणावेत, एकाचे कर्ज मुलांच्या हातून फेडवून घ्यावे, आणि मगच सांगावे, की आपणास ठाऊक नसलेल्या संख्येला भिण्याचे कारण नाही. तिला आपल्या पूर्वजांनी आठशेहून अधिक वर्षांपूर्वी एक घरगुती नाव देऊन ठेवले आहे, आणि ते नाव ‘जितके तितके’ असे आहे.