शुश्रूषा म्हणजे ऐकणे

चार माणसांत कोणी विक्षिप्त बोलले की त्याला 'येरवड्याला पाठवा' असे थट्टेने म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. मुंबईकडे त्याच अर्थाने ठाण्याचे नाव घेतात. पण त्या भिंतींआड माणसांनी माणसांचे काय केले, हा इतिहास थट्टेचा नाही. तो आज मानवतमध्ये सांगण्याचे प्रयोजन पुढे येईलच.

इंग्रज सरकारने १८५८ साली वेड्यांसंबंधीचा कायदा केला. नागपूरचे इस्पितळ १८६४ चे, रत्नागिरीचे १८८६ चे, ठाण्याचे १९०१ चे. येरवड्याचे त्यानंतर उभे राहिले. या संस्थांचा मूळ हेतू बंदोबस्ताचा होता, उपचाराचा नंतरचा. म्हणून रुग्णाजवळ अष्टौप्रहर असणारा मनुष्य परिचारक नव्हता, रखवालदार होता. त्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे आणि मजबूत मनगट हीच त्याची पात्रता. १९१२ साली नवा कायदा आला, पुढे 'वेड्यांचे इस्पितळ' जाऊन 'मनोरुग्णालय' अशी पाटी लागली. तथापि रुग्णाची आत जाण्याची वाट पुष्कळदा न्यायाधिकाऱ्याच्या हुकुमातूनच जात राहिली. पाटी बदलणे सोपे असते, हात बदलणे अवघड.

ते हात बदलू लागले १९५२ च्या सुमारास. त्या वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोविकारांवर गुणकारी ठरले आणि त्याच वर्षी अमेरिकेत हिल्डेगार्ड पेप्लाऊ या परिचारिकेने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. परिचारिका आणि रुग्ण यांच्यात जो संबंध जुळतो तो स्वतःच उपचाराचा भाग होय, हे तिचे प्रतिपादन. औषधाने रुग्णाचा कल्लोळ शमला, परंतु त्यानंतर त्याच्याशी बोलायचे कोणी, या प्रश्नाचे उत्तर पेप्लाऊबाईंनी दिले. आम्हांस त्यात नवल वाटत नाही. 'शुश्रूषा' हा शब्द 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूपासून झाला आहे; ऐकण्याची इच्छा हा त्याचा मूळ अर्थ. शब्द आपल्या घरचाच होता, आचरण तेवढे हरवले होते!

आपल्या देशात १९५४ साली बंगळूरला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली आणि परिचारिकांना या विषयाचे स्वतंत्र शिक्षण मिळू लागले. त्याच दशकात अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातलगांना इस्पितळाच्या आवारात तंबूंतून राहावयास बोलावले. घरची माणसे शुश्रूषा शिकली आणि रुग्ण घरी परतू लागले.

आता मानवतकडे वळू. इंग्रजी अमलाखाली ही इस्पितळे उभी राहत होती तेव्हा आमचा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९४८ साली हैदराबाद मुक्त झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. पण वर सांगितलेल्या चार मनोरुग्णालयांपैकी एकही मराठवाड्यात नाही. मानवतहून पुणे काय आणि नागपूर काय, तीनशे किलोमीटरांहून दूरच. कापसाचे पैसे हाती येईपर्यंत तेथवर जाण्याचे भाडेही ज्याच्याजवळ नाही, त्याने काय करावे? तो देवरुषाकडे जातो, उतारा टाकतो आणि शेवटी परसातल्या खोलीला बाहेरून कडी लावतो. ते केवळ अज्ञान नव्हे, ती निरुपायाची कडी आहे.

अशा निरुपायाचा शेवट कुठे होतो, ते तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दिसले. आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेली २८ माणसे पळू न शकल्याने जळून मेली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीने बांधण्यास मनाई केली. आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरून त्याला शिक्षेऐवजी साहाय्य द्यावे, असेही ठरविले. शेतकऱ्यांच्या आत्महत्या पाहिलेल्या आमच्या परभणी जिल्ह्याला या कलमाचे मोल निराळे सांगावयास नको.

परंतु कायदा कडी काढतो, सोबत देत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना मनोविकार आढळला आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारावाचून होते. पाहणीच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणून आमचे घर निराळे आहे, असे समाधान कोणी मानू नये. उलट आशेची गोष्ट शेजारच्या गोव्यातली आहे. तेथे डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी सरकारी प्राथमिक केंद्रांत उदासीनतेच्या रुग्णांना ऐकून घेतले, धीर दिला, पाठपुरावा केला. अधिक रुग्ण बरे झाले. २०१० साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. महाराष्ट्र शासनाच्या 'प्रेरणा' प्रकल्पातही आशाताई शेतकऱ्याच्या दारी जाऊन त्याच्या मनाची विचारपूस करू लागल्या.

तेव्हा प्रश्न विटांच्या इमारतीचाच नाही. मनोरुग्णांच्या शुश्रूषेचे शिक्षण घेतलेली परिचारिका जर अपघात विभागात नेमली, एका बाईवर सत्तर खाटा सोपविल्या, तर ती ऐकणार केव्हा? वेळ नसलेली परिचारिका पुन्हा रखवालदारच होते; दोष तिचा नसतो. तालुक्याच्या इस्पितळात एक शिकलेली परिचारिका, तिच्या हाताशी आशाताई आणि रुग्णाकडे दर आठवड्याला निवांत अर्धा तास, एवढी मागणी आपण मानवतकरांनी धरून बसली पाहिजे. परसातली कडी त्याशिवाय निघावयाची नाही.